आई गावी एकटी असते. औषधं आणि देखरेख कशी लावावी?

तिठ्यावरचा:
आई ७४ वर्षांची, कुडाळजवळच्या गावात एकटी राहते. मी डोंबिवलीला, बहीण बेळगावात. आईला इकडे आणलं की चार दिवसांत "माका घराक सोड" सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावर तिला कोंडून ठेवणं माझ्याही जिवावर येतं. गावात परडं आहे, भजन आहे, तिची माणसं आहेत.

अडचण औषधांची. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गोळ्या संपल्या की एसटीने कुडाळ, तिथे नंबर लावायचा, अख्खा दिवस जातो. पावसात तर ती जातच नाही. मागच्या महिन्यात पहाटे उठताना चक्कर येऊन पडली. पूर्णवेळ बाई मिळत नाही आणि आईला ती नकोही आहे. कोणी गावातल्या गावात काही बसवलंय का?

निवृत्त_सिस्टर (सातारा):
दादा, माझी नोकरी उपकेंद्रावर झाली. बाई शोधण्याआधी आईचं नाव उपकेंद्रात नोंदवलंय का बघा. हल्ली त्यावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात, म्हणजे कुडाळची फेरी वाचेल. २०१७ ला सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात तुमचा सिंधुदुर्ग आणि आमचा सातारा पहिल्या टप्प्यापासून आहेत. पेशंटचं कार्ड असतं, दर खेपेचं बीपी त्यावर चढतं. कोणी गोळ्या न्यायला आलं नाही तर विचारपूस होते. मला तर गोळ्यांपेक्षा ती विचारपूस मोलाची वाटते.

पण आधी चक्कर बघा. आईचं बीपी बसून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवून गोळ्या बघून घ्या. मनाने काही बंद करू नका. साखर उतरूनही चक्कर येते. आमच्याकडे एक आजी होत्या. एकादशीला कडक उपास, शुगरची गोळी मात्र चुकवायच्या नाहीत. त्या दिवशी घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्यांना वाटायचं वयाचा अशक्तपणा. शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा लावून बघितल्या तेव्हा उलगडा झाला. तुमच्या आईंचे उपास विचारा, आणि रात्री नीट जेवतात का तेही.

ठाण्याचे_काका:
सिस्टरांशी सहमत. ७० पूर्ण आहेत तर आधारवरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावर, रोजच्या गोळ्यांना नाही. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

तिठ्यावरचा:
खूप आभार. ती एकादशी करतेच! आजच फोनवर विचारतो. आशाताई ओळखीच्या आहेत, दरमहा काही पैसे देऊन त्यांनाच रोज डोकावायला सांगू का?

निवृत्त_सिस्टर (सातारा):
रोजचं त्यांच्यावर टाकू नका हो. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, त्यात गरोदर बायका, बाळांचं लसीकरण, सर्वे. जीव मेटाकुटीला येतो त्यांचा. रोजची नजर शेजाऱ्यांची हवी. सकाळी आठपर्यंत आईंचं दार उघडलं नाही तर कोण बघेल आणि कोणाला फोन करेल, हे भजनातल्या बायकांशी बोलून ठरवा. घराची एक चावी शेजारी द्या.

चतुर्थीला जाणार असालच, तर सुट्टी लागायच्या आधी पोचा आणि उपकेंद्र उघडं असताना आईंना बरोबर घेऊन जा. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट न्या. दोन डॉक्टर झाले असतील तर एकच औषध दोन नावांनी चालू असतं, हे मी कितीदा पाहिलंय.