हायड्रो गरम झाली की पुढे जाताना दम सोडते

गंजकाढ्या:
मंडळी, माझ्याकडे कब कॅडेट १२९ हा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आहे. सत्तरच्या दशकातला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. १२ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं कोहलर इंजिन, मागे सन्डस्ट्रँडची हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलाच्या दाबावर मोटर फिरून चाकं चालतात. थंड असताना गडी एक नंबर. अर्धा तास गवत कापलं की चढावर पुढे जाताना दम सोडतो. लिव्हर पार पुढे ढकलला तरी मुंगीच्या पावलाने. गंमत म्हणजे इंजिन मजेत फिरत असतं, त्याच्यावर लोड येतच नाही.

जुनं तेल दुधाळ निघालं होतं म्हणून हाय-ट्रॅन हे हायड्रोचं तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले. फरक शून्य. जो तो म्हणतो पंप संपला. उघडायला हात शिवशिवतायत, पण आत काय काय सुट्टं होऊन बाहेर येईल याची धास्तीही वाटतेय. उघडू का?

पट्टावाला:
आधी बेल्ट बघ. गरम झाला की घसरतो. हायड्रोवरच्या पंख्यात गवत अडकलंय का तेही बघ. माझं निम्मं आयुष्य त्या पंख्यात गेलंय.

गंजकाढ्या:
याला चाकांसाठी बेल्टच नाही दादा, इंजिनापासून पंपापर्यंत सरळ ड्राइव्हशाफ्ट आहे. शाफ्टच्या पिना आणि कपलिंग बघितली, शाबूत आहेत. पंख्यात मात्र चिमणीचं घरटं होईल इतकं गवत निघालं. धन्यवाद.

अर्धा_मिस्त्री:
जाड तेल टाका आणि मोकळे व्हा. माझ्या ट्रॅक्टरच्या टफ टॉर्क के४६ हायड्रोमध्ये १०डब्ल्यू-३० काढून ५डब्ल्यू-५० सिंथेटिक भरलं, दोन हंगाम आरामात निघाले.

जुना_फिटर:
के४६ चं औषध याला देऊ नका. यात मुख्य पंपाला तेल पुरवणारा छोटा चार्ज पंप फिल्टरमधून तेल ओढतो. थंडीत घट्ट तेल ओढता ओढता तो उपाशी राहिला की पंपाची बोंब सुरू होते. शिवाय जाड तेलाने गळती बुजत नाही, नुसती लपते.

गंजकाढ्या, एकच सांगा. गरम झाल्यावर त्याच चढावर रिव्हर्समध्ये नेऊन बघितलंत का?

गंजकाढ्या:
आत्ताच करून आलो. काका, मागे सुसाट जातो! आजवर हे लक्षातच आलं नव्हतं. चढावर मागे कशाला जाईन मी?

जुना_फिटर:
मग पंप राहू द्या जागेवर. पंपाचे किंवा मोटरचे पिस्टन, सिलिंडर ब्लॉक, व्हॉल्व्ह प्लेट झिजले असते तर गाडी दोन्हीकडे लुळी पडली असती. पुढे जायचं असो की मागे, तोच ब्लॉक, तेच पिस्टन. बदलतं ते एवढंच, की पंपाला जोडणाऱ्या दोन वाटांपैकी दाब कुठल्या वाटेत चढतो.

प्रत्येक वाटेवर एकेक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असतो. ज्या वाटेत दाब कमी, तिचा व्हॉल्व्ह उघडून चार्ज पंप तिथे तेल भरत राहतो. ज्या वाटेत दाब जास्त, तिचा व्हॉल्व्ह गच्च बंद राहायला हवा. तो जरासा जरी उघडा राहिला, तरी पुढे ढकलणारं तेल मागच्या दाराने चार्जच्या बाजूला पळतं. थंड तेल घट्ट असतं, कमी पळतं. गरम झालं की पातळ. चार्जचा दाब मॅन्युअलप्रमाणे ७० ते १५० पीएसआय लागतो, पण तो कमी असता तर मागे जातानाही जाणवलं असतं.

पंपाच्या वरच्या अंगाला, बंद गाडी हाताने ढकलण्यासाठीच्या लिव्हरची पट्टी आहे ना, तिच्याखाली दोन छोट्या दांड्या दिसतील. पट्टी वाकून एखाद्या दांडीवर टेकलीय का ते आधी बघा. मध्ये फट हवी. फट असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह काढा, एकसारखे आहेत याची खात्री करा आणि अदलाबदल करून लावा. दोष मागे गेला की गुन्हेगार सापडला. उघडण्याआधी ब्रश मारून सगळं धुऊन घ्या. त्या भोकातून वाळूचा एक कण आत गेला, की खरोखरच नवा पंप शोधावा लागेल.

अर्धा_मिस्त्री:
काका, ही अदलाबदल मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवी होती. मी अख्खी हायड्रो खाली उतरवली होती.

गंजकाढ्या:
दोन दिवसांनी लिहितोय. फट होती, कागदाच्या चार घड्या जातील एवढी. धुण्यातच अख्खी दुपार गेली, कारण वर तेल आणि मातीचा डांबरासारखा थर होता. व्हॉल्व्ह दिसायला जुळे. अदलाबदल केली, मागची चाकं टांगून हवा काढली, मग अर्धा तास गवत कापलं. पुढे सुसाट, मागे मुंगी! एकटाच मोठ्याने हसलो.

मागे गेलेला तो व्हॉल्व्ह डिझेलमध्ये धुतला. दांडी दाबली की सुटायला हवी, ती अर्ध्यात अडकत होती. भिंगातून बघितलं तर आत बसायच्या जागेवर केसाएवढा काळा तुकडा चिकटलेला, आणि जागा त्याच्याभोवती घासून चमकत होती. नखाने ओढला तर रबरासारखा ताणला गेला.

जुना_फिटर:
रबर असेल तर जीव भांड्यात पडू द्या. पिवळं चमचमतं काही, म्हणजे पंपाच्या झिजेचे पितळी कण, सापडलं असतं तर मीच म्हटलं असतं की आता उघडा. घासलेली जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायला जाऊ नका, नवा व्हॉल्व्ह आणा. काढलेला जुना फिल्टर टाकला नसेल तर कापून उलगडा आणि घड्यांवरून चुंबक फिरवा.

गंजकाढ्या:
नशीब, कोपऱ्यात पडला होता. कापला. घड्यांमध्ये करडा चिखल, काळ्या रबराचे तीन-चार कण, पिवळं काही नाही. चुंबकाला बारीक लव लागली, गिअरची असावी. नवा व्हॉल्व्ह बसवला, काल सलग दोन तास चालवला. चढावर आता इंजिनाचा आवाज बदलतो, म्हणजे लोड येतोय.

फक्त न्यूट्रलला गाडी हळूहळू पुढे सरकते. हे आधीही होतं का मला आठवत नाही.

जुना_फिटर:
तुमच्या काळ्या थराखाली ट्रनियनची प्लेट आहे, लिव्हरची हालचाल पंपाला पोचवणारी. तिचे खाचे झिजून लांबट झाले असणार. वेल्डिंग भरून कानशीने घासावे लागतील. नवा धागा काढा, फोटोसकट.