मदत हवी आहे: ‘लान्थानो’ म्हणजे कोणाच्या नकळत?

प्राचीन ग्रीकमधल्या ‘लान्थानो’ (ऑरिस्ट, म्हणजे क्रिया एक पूर्ण घटना म्हणून दाखवणारं रूप: ‘एलाथोन’) या क्रियापदाबद्दल विचारायचं आहे. ‘लपणे’ हा अर्थ फसवा आहे, कारण इथे हेतू लागत नाही. फक्त लक्षात न येणं पुरतं. सोबतचं कृदंत खरी क्रिया सांगतं, म्हणून मराठीत उलटापालट करावी लागते: कृदंताचं मुख्य क्रियापद होतं आणि ‘लान्थानो’चं ‘नकळत’.

द्वितीयेतलं कर्म असेल तर प्रश्न नाही, ‘त्यांच्या नकळत’. अडतं ते कर्म नसताना. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या ‘लाथे बिओसास’ (‘लान्थानो’चं आज्ञार्थी रूप + ‘जगणे’चं कृदंत) या वचनामध्ये इतरांच्या नकळत जगायचं आहे. पण बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्र 13:2 मध्ये देवदूतांचा पाहुणचार करणाऱ्यांना स्वतःलाच ते कळलेलं नाही. रचना मात्र तीच! इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथातल्या क्रीसस राजालाही (1.44) आपण मुलाच्या मारेकऱ्याला पोसतोय हे ठाऊक नव्हतं.

हा फरक निव्वळ संदर्भावर ठरतो की व्याकरणात काही खूण सापडते?

दुसरं, ‘बिओसास’ ऑरिस्ट कृदंत आहे, आणि ते बहुधा आधीची क्रिया दाखवतं; तरी इथे क्रिया आधीची नाही, एकाच वेळची आहे. ‘जगून’ म्हटलं की क्रम येतो. ‘कुणाच्या नजरेत न येता जग’ यापेक्षा नेमका, तितकाच आटोपशीर पर्याय सुचवाल का?