शुद्धीत नसणे ही सबब मानायची का?

आमच्या धनकवडीच्या सोसायटीत एक गृहस्थ पिऊन आले की पत्नीवर हात टाकतात आणि सकाळी ‘शुद्धीत नव्हते’ एवढ्यावर सारे मिटवले जाते. मला हे मुळीच मान्य नाही. गेल्या महिन्यात आरडाओरडा ऐकून मी बेल वाजवली, तेव्हा दार उघडण्यापूर्वीच आतला आवाज खाली आला आणि शर्टाची बटणे लावत ते मला ‘या ना, वहिनी’ म्हणाले. परक्यासमोर ज्याला सावरता येते, त्याची शुद्ध हरपली होती असे कसे म्हणावे? स्वतःहून केलेली नशा भारतीय न्याय संहितेच्या कलम 23 नुसारही बचाव ठरत नाही.

प्रतिसाद 1
ताई, संताप रास्त आहे, पण बेलचा दाखला तुमच्या विरुद्धही जातो. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडल्याप्रमाणे दारूमुळे लक्षाचा परीघ आकसतो. समोरचा बोचरा शब्द तेवढा दिसतो आणि उद्याचे परिणाम नजरेआड होतात. बेल त्या आकसलेल्या परिघात शिरली, म्हणून ते सावरले. मी स्वतः पत्नीवर हात उगारलेला आहे. तो हात माझाच होता, हे मी नाकारत नाही. परंतु येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतल्यापासून नऊ वर्षांत तो पुन्हा उठलेला नाही. आधी बाटली सुटू द्या.

प्रतिसाद 2
दादा, तुमच्या घरी शांतता आली याचा मनापासून आनंद आहे. माझ्या पतीनेही दारू सोडली, मार मात्र सुटला नाही. पूर्वी जिन्यातल्या पावलांवरून संध्याकाळ कशी जाणार ते कळायचे आणि मी मुलांना आधीच जेवायला वाढायचे. नंतर तर किराण्याच्या हिशेबात वीस रुपये जुळले नाहीत म्हणून भर दुपारी मनगट पिरगाळले गेले. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शिवीगाळ आणि पैशांची अडवणूक हीसुद्धा हिंसाच मानतो, आणि त्यात दारूची अट कोठेही नाही.

धागाकर्ती
दादा, परिघाचा मुद्दा मला पटला. माझा तर्क तेवढा घाईचा होता. तरीही बाटली सुटेपर्यंतच्या रात्री त्या बाईंनी कुठे काढायच्या, हा प्रश्न उरतोच, कारण दर वेळी बेल वाजवायला कोणी असेलच असे नाही. महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक मी त्यांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्याच नावाने जतन करून दिला आहे.