शासकीय टिप्पणी: मागणी आधी लिहावी की पूर्वपीठिका?

कार्यासन_11

मंत्रालयात, आयुक्तालयात किंवा जिल्हा परिषदेत नव्याने लागलेल्या सहायकाला वरिष्ठ ओळखतात ते त्याच्या टिप्पणीवरून, म्हणजे प्रकरणाची माहिती आणि प्रस्ताव मांडून तो वर पाठवतो त्या नोंदीवरून. उपसचिवांशी त्याची गाठ क्वचित पडते, नस्ती (फाइल) मात्र रोज वर जाते. तरीही टिप्पणी लिहायला शिकायचं म्हणजे जुनी नस्ती उघडून त्यातली वाक्यं उतरवायची, एवढीच आपली पद्धत. त्यातून चुकीची रचनाच पुढे चालत राहते.

माझं मत: काय मंजूर करून हवंय ते पहिल्या परिच्छेदातच लिहा. समजा, वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचं, म्हणजे कर्मचाऱ्याने केलेला खर्च परत देण्याचं प्रकरण आहे. नेहमीची टिप्पणी 'संदर्भाधीन पत्राचे कृपया अवलोकन व्हावे' इथून सुरू होते. अर्ज कधी आला, कोणामार्फत आला, रुग्ण किती दिवस दाखल होता असं करत दीड पानानंतर 'सबब, योग्य त्या आदेशार्थ सादर'. इतकं वाचूनही मंजूर करायची रक्कम सापडत नाही. मग 'चर्चा करावी' असा शेरा पडतो आणि नस्ती खाली येते.

त्याऐवजी सुरुवात अशी हवी: 'श्री. अबक, वरिष्ठ लिपिक, यांच्या रु. 1,86,400 च्या वैद्यकीय देयकापैकी रु. 1,52,750 अनुज्ञेय आहेत. उर्वरित रु. 33,650 मध्ये खोलीभाड्याचा फरक रु. 21,000 व औषधेतर साहित्य रु. 12,650 असल्याने ती रक्कम वगळली आहे. रु. 1,52,750 च्या प्रतिपूर्तीस मान्यता असावी.' बाकी सगळं याच्या खाली.

बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाप्रमाणे नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. पण शेरा घेऊन खाली आलेली नस्ती पुन्हा प्रत्येक टेबलावरून वर चढते, आणि महिना जातो.

जुनी_नस्ती

असहमत. पूर्वपीठिका, नियम, छाननी, प्रस्ताव हा क्रम आळसातून आलेला नाही. या क्रमाने लिहीत गेले की नियम आणि वस्तुस्थिती कुठे जुळत नाहीत ते लिहिणाऱ्यालाच दिसते. प्रस्ताव आधी ठरवून लिहिला की खालची छाननी त्याच्या समर्थनापुरती उरते आणि अडचणीचा कागद टिप्पणीत येतच नाही. वरच्या सह्या पहिला परिच्छेद वाचून होतात. पुढे जास्त दिलेल्या रकमेची वसुली निघाली की पहिला खुलासा सहायकाला मागितला जातो.

नवीन माणसाने रचना बदलण्याआधी पुढील गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. नस्तीच्या पत्रव्यवहार बाजूच्या (अर्ज, पत्रे असलेल्या) पानांना आधी क्रमांक द्या आणि टिप्पणीतल्या प्रत्येक विधानासमोर तो पृष्ठ क्रमांक टाका. शासन निर्णय उद्धृत करताना विभाग, क्रमांक, दिनांक आणि नेमका परिच्छेद लिहा. 'प्रचलित नियमानुसार' या शब्दांना काही किंमत नाही. तो निर्णय नंतर अधिक्रमित झाला का (त्याच्या जागी नवा आला का), त्याला शुद्धिपत्रक निघाले का, हे तपासा. जुन्या टिप्पणीतून उतरवलेला संदर्भ रद्द झालेला निघणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, आणि ती भाषा कितीही सोपी केली तरी टळत नाही.

लेखा_शाखा

दोघांचं वाचलं. खर्चाच्या नस्तीत सर्वात जास्त वेळा गाळलेली ओळ म्हणजे 'मंजुरी कोणाच्या अधिकारात'. वित्तीय अधिकार नियमपुस्तिकेप्रमाणे सक्षम प्राधिकारी कोण, लेखाशीर्ष (खर्च ज्या शीर्षाखाली टाकायचा ते) कोणतं, त्याखाली आज तरतूद किती शिल्लक, या तीन गोष्टी नसतील तर नस्ती आमच्याकडून परत जाणारच. टिप्पणी दोन पानांची असो की अर्ध्या पानाची.

दुसरी चूक आकड्यांची. तक्त्यात एक बेरीज, परिच्छेदात दुसरी, आदेशाच्या मसुद्यात तिसरी. छाननीत रक्कम बदलली की ती एकाच ठिकाणी दुरुस्त होते आणि बाकी दोन ठिकाणी जुनीच राहते. टिप्पणी पूर्ण झाली की सगळे आकडे तक्त्यापासून नव्याने पडताळा, आणि मंजुरीची रक्कम अक्षरांतही लिहा. मी कार्यासन_11 यांच्या बाजूने आहे, कारण रक्कम वरच असली की ही विसंगती लगेच दिसते.

न्यायप्रकरणे_कक्ष

भाषेबद्दल एक मुद्दा. 'सदर बाब विचारात घेण्यात आली असून विनंती अमान्य करण्यात येत आहे' या वाक्यात कारणच नाही. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त (1978) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आदेशाची वैधता त्यात नमूद कारणांवरूनच तपासली जाईल, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून तो सावरता येणार नाही. म्हणजे आज टिप्पणीत आणि त्यावरून आदेशात जे लिहिलं नाही, ते न्यायालयात उपयोगी पडत नाही.

कर्मणी प्रयोग सरसकट वाईट मात्र नाही. शासन निर्णय 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' निघतो, तिथे 'मान्यता देण्यात येत आहे' हेच योग्य. टिप्पणीत तपासणी कोणी केली हे महत्त्वाचं असतं. 'देयकांची पडताळणी करण्यात आली' याऐवजी 'देयकांची पडताळणी लेखाधिकाऱ्यांनी केली, पृ. 14' असं लिहा. माहितीच्या अधिकारात नस्तीची प्रत मागता येते, हेही विसरू नये. परक्या माणसाने वाचली तरी समजेल आणि पटेल अशीच टिप्पणी हवी.

झेडपी_वाला

हे सगळं मंत्रालयात ठीक. खाली परिस्थिती वेगळी आहे. कनिष्ठ सहायकाने 'मान्यता असावी' असं ठामपणे लिहिलं आणि साहेबांचं मत उलट असलं तर टिप्पणी फाडून नवी लिहायला सांगतात. म्हणून आम्ही पर्याय अ आणि पर्याय ब लिहितो, निर्णय वर सोडतो. त्यात नोकरीही सुरक्षित राहते.

जुनी_नस्ती

पर्याय जरूर द्यावेत, पण प्रत्येकाखाली नियम, खर्च आणि परिणाम लिहावा, आणि शेवटी 'पर्याय अ नियमाशी सुसंगत दिसतो' एवढे तरी म्हणावे. दोन पर्याय ठेवून गप्प बसणारा सहायक पदोन्नतीनंतर कक्ष अधिकारी म्हणून अडतो, कारण तिथे मत लिहिणे हेच काम आहे. वरिष्ठांचे मत वेगळे असेल तर ते त्यांनी आपल्या सहीने खाली नोंदवावे. लिहिलेली टिप्पणी बदलून घेणे ही पद्धतच चुकीची आहे.

कार्यासन_11

यावर जुनी_नस्ती यांच्याशी पूर्ण सहमत. क्रमाबद्दल अजून नाही. छाननीच्या क्रमाने विचार करा, कच्चा मसुदाही तसाच लिहा, त्याला माझी हरकत नाही. पण सादर करण्यापूर्वी शेवटचा परिच्छेद उचलून वर आणा. तो वर आणल्यावर खालच्या कोणत्या वाक्यांचा त्याच्याशी संबंध नाही ते दिसतं, ती गाळा. एका परिच्छेदात एकच मुद्दा, परिच्छेदांना क्रमांक, आणि वाक्य तीन ओळींच्या पुढे गेलं की 'असून', 'तसेच', 'त्यानुषंगाने' यांच्यापाशी तोडा.

सरावासाठी निकाली निघालेली नस्ती घ्या. शेवटचा आदेश न पाहता साठेक शब्दांत सार लिहा, मग आदेशाशी ताडून पहा. रक्कम, नियम, सक्षम प्राधिकारी यांपैकी काय सुटलं ते लगेच कळतं. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे कोश जवळ ठेवा. विहित, पूर्तता, सूचना, तपशील हे चार शब्द तरी ऱ्हस्वदीर्घासह पाठ हवेत. आणि ई-ऑफिसमध्ये (संगणकावर नस्त्या हाताळण्याच्या प्रणालीत) युनिकोडशिवाय काही चिकटवू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर तिथे वाचताही येत नाही, शोधताही येत नाही.

जुनी_नस्ती

देयके, रजा, खरेदी, मुदतवाढ यांत शेवटचा परिच्छेद वर आणायला मी तयार आहे. विभागीय चौकशीच्या नस्तीत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 खालच्या प्रकरणात दोषारोप, अपचाऱ्याचा (आरोप असलेल्या कर्मचाऱ्याचा) बचाव, चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष यांच्या आधी शिक्षेचा प्रस्ताव लिहिला तर शिक्षा आधीच ठरली होती असे तो कागदच सांगतो.

न्यायप्रकरणे_कक्ष

हे बरोबर आहे. न्यायाधिकरणापुढे मूळ नस्ती मागवली गेली की अर्जदाराचे वकील नेमकं हेच दाखवतात. अशा प्रकरणात पहिल्या परिच्छेदात फक्त 'चौकशी अहवालावर निर्णयासाठी सादर' एवढंच लिहावं, आणि शिक्षेबाबतचं मत बचावाच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिल्यानंतरच यावं.

कार्यासन_11

चौकशीपुरतं मान्य. अनुकंपा नियुक्तीच्या नस्तीत मात्र मी मागणी वरच ठेवेन.