स्टार ट्रेकचं 1/350 एंटरप्राइझ रंगवायला घेतोय: ग्रिडच्या रेघा किती ठळक ठेवू? आणि या उन्हात रंग मारू कधी?

सातपुडा_पायथा (चोपडा)

राम राम मंडळी. पोलर लाइट्स कंपनीचं 1/350 एंटरप्राइझचं किट हाती आलंय, स्टार ट्रेकच्या 1966 च्या पहिल्या मालिकेतलं अंतराळजहाज. ताईने परदेशातून येताना आणलं. जोडून झालं की 82 सेंटिमीटरच्या आसपास जाईल. आजवर 1/72 ची विमानंच केली, तीही हाताच्या ब्रशने. यासाठी मुद्दाम एअरब्रश (रंग फवारणारं पेन) घेतला, 0.3 मिलिमीटर नोझलचा, टाकीवाल्या छोट्या कॉम्प्रेसरसकट.

दोन गोष्टींवर अडलोय. एक, सॉसरवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या बशीसारख्या चकतीवरच्या, ग्रिडच्या (जाळीच्या) रेघा. कुणी त्यात काळा वॉश (खाचेत उतरणारा अगदी पातळ रंग) भरतं, कुणी रेघाच नकोत म्हणतं. एवढा मोठा पांढुरका पृष्ठभाग मोकळा ठेवला तर खेळण्यासारखा दिसेल अशी धास्ती वाटते. दुसरं म्हणजे आपलं ऊन. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकने जुन्या पंखावर चाचणी घेतली, तर रंग खरखरीत बसतो आणि एअरब्रशच्या सुईच्या टोकावर सुकून अडकतो. खोलीत कूलर चालू असतो. पावसाळ्यापर्यंत थांबू का?

---

लोको_पेंट_भुसावळ

भाऊ, आधी माप काढ, रंगाचं मग बघू. 1/350 म्हणजे तुझ्या मॉडेलवरचा 1 मिलिमीटर खऱ्या जहाजावर 35 सेंटिमीटर. 0.3 मिलिमीटरची काळी रेघ मारलीस तर पत्र्यात 10 सेंटिमीटरची फट दाखवलीस. हात आत जाईल एवढी! याच मापात माणूस जेमतेम 5 मिलिमीटरचा. तू टेबलापासून 1 मीटरवर उभा राहतोस तेव्हा जहाजापासून 350 मीटरवर असतोस. तेवढ्या लांबून पत्र्याचा सांधा दिसत नाही, उजेड पडला तर छटेतला फरक तेवढा दिसतो. जहाज मोठं वाटायला हवं असेल तर सगळं त्या फरकात आहे. गडद रेघेने ते लहान होतं.

मालिकेसाठी वापरलेलं मूळ मॉडेल 11 फुटी, 1964 चं. 1974 पासून ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1991 च्या दुरुस्तीत त्यावर पॅनलच्या (पत्र्याच्या तुकड्यांच्या) छटा बऱ्याच गडद मारल्या गेल्या आणि चाहत्यांत त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. 2016 च्या दुरुस्तीत त्या काढल्या. सॉसरची वरची बाजू मात्र दोन्ही वेळा राखली, कारण मूळ रंग तिथेच टिकून होता. त्या बाजूच्या ग्रिडच्या रेघा चक्क पेन्सिलच्या आहेत! काळा वॉश नाही, काही नाही. म्हणून पांढुरक्या पृष्ठभागाला घाबरू नकोस. त्या जहाजाचं रूपच ते आहे.

तू असं कर. सगळे भाग साबणाच्या पाण्याने धू. सांध्यांना पुट्टी लाव, 400 मग 800 च्या वॉटर पेपरने पाणी लावून घास. रेल्वेच्या वर्कशॉपात पेंट सेक्शनला आयुष्य गेलं माझं. इंजिनाच्या बॉडीवर लांबी (पुट्टी) भरली की समोरून बघून कुणी पास करायचं नाही. अंधारात बॅटरी पत्र्याला जवळजवळ चिकटवून तिरपी धरायची, खळगा असेल तिथे सावली पडते. नेसेल म्हणजे त्या दोन लांब नळ्यांचे सांधे तसेच तपास, कारण लांब सरळ नळीवरचा सांधा नजरेतून सुटत नाही. आमच्या कामातलं एनसी थिनर मात्र या प्लास्टिकच्या जवळपासही आणू नकोस, पृष्ठभाग विरघळतो.

मग करडा प्रायमर. त्यावर फिकट करडा, त्यात हिरव्याचा अगदी कण. त्याच रंगात थोडा पांढरा घालून दुसरी छटा कर, पांढरा कमीच. टेपने काही पॅनल मोकळे ठेवून तिथे ती मार, पण एकाआड एक नको, विस्कळीत असू दे. टेप काढल्यावर फरक जास्त वाटेल. तेव्हा मूळ रंग भरपूर पातळ करून सगळ्यावर एक धुकट हात दे. पॅनल मागे सरकतात. दोन पावलं मागे गेल्यावर दिसेनासे झाले आणि जवळ आल्यावर सापडले, की तिथे थांब.

रेघांसाठी मॅट कोट मारून पूर्ण सुकू दे. मॅटवर पेन्सिल धरते, चकचकीत रंगावर सटकते. 2एच पेन्सिल, टोक सतत काढलेलं, हात हलका. किटमध्ये खोदलेली रेघ असली तरी तिच्यात रंग भरू नकोस, पेन्सिल फिरव तेवढी. बोटाने पुसू नकोस, डाग पसरतो. वरून पातळ मॅटचा आणखी एक हात.

आता ऊन. पावसाळ्याची वाट बघू नकोस, तेव्हा दमट हवेने लॅकर (झटपट सुकणारा रंग) पांढुरकं पडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा हवेत रंगाचा थेंब नोझलपासून प्लास्टिकपर्यंत पोचेतो अर्धा सुकलेला असतो, म्हणून खरखर. पहाटे रंगव. साडेपाच ते सात, घर गार असतं आणि धूळ खाली बसलेली असते. रंगात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाल, नेहमीपेक्षा पातळ कर, दाब 15 पीएसआयपर्यंत उतरव, हात थोडा जवळ आण. सुईचं टोक मध्येमध्ये क्लीनरच्या ओल्या काडीने पूस.

आणि कूलर बंद! त्याची हवा दमट असते, वर ताटीची तुसं आणि बारीक थेंब उडवते. लॅकर मारणार असशील तर ती हवा पावसाळ्याइतकीच वाईट.

---

वायर_आणि_कथील (धुळे)

काकांनी रंगाचं सगळं सांगितलंय. सातपुडादादा, तुम्ही आत दिवे घालणार आहात का? घालणार असाल तर हे रंगाच्या आधी ठरवा, जोडल्यावर हात आत जात नाही.

एवढं पातळ प्लास्टिक एलईडीने आरपार उजळतं, खिडक्या सोडून सगळी सॉसरच कंदिलासारखी दिसते. आतून आधी काळा, मग प्रकाश परतवायला पांढरा. काळ्याचे दोन हात द्या, सांध्यांच्या कडेला तीन. अंधाऱ्या खोलीत दिवा लावून बघा, जिथून उजेड गळतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि परत काळा. हे बाहेरचा प्रायमर मारण्याआधी झालं पाहिजे.

12 व्होल्टचा अडॅप्टर घ्या. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. तीन एका माळेत लावले की 9 गेले, उरलेल्या 3 साठी 150 ओहम, म्हणजे 20 मिलिअँपिअर. सुट्या एकासाठी 470 ओहम. मी याहून कमीवरच चालवते, कारण बंद सॉसरमध्ये उष्णता कुठे जाणार? नेसेलच्या पुढच्या घुमटात उबदार रंगाचे दिवे घ्या. मालिकेत तिथे दिव्यांपुढे पाती फिरत असल्याचा भास आहे, आणि सगळं जहाज त्यानेच जिवंत वाटतं.

---

नवापूर_एक्सप्रेस

मला काकांचं पूर्ण पटत नाही. जत्रेत, प्रदर्शनात मॉडेल ठेवलं की लोक चार फुटांवरून बघतात. एवढं मवाळ काम केलं तर कुणाला दिसणार? मी माझ्या जहाजांवर गडद वॉश देतो, ओघळ, जळल्याच्या खुणा, सगळं. लोक थांबून बघतात.

---

लोको_पेंट_भुसावळ

नवापूरभाऊ, मालवाहू, लढून आलेलं जहाज असेल तर तुमचं बरोबर आहे, तिथे जळकट खुणा हव्यातच. हे जहाज तसं नाही. मूळ मॉडेलच्या सॉसरवरही मळकट ओघळ आहेत, पण इतके हलके की शोधावे लागतात. एक तोड सांगतो: मॉडेल जिथे ठेवणार त्याच दिव्याखाली चाचणीचा पत्रा धरून बघायचा. पिवळ्या दिव्यात करड्या छटा मिसळून जातात, तिथे फरक थोडा वाढवावा लागतो. पांढऱ्या एलईडीखाली कमीच बरा. टेबलावरच्या दिव्यात ठरवलेली छटा शोकेसमध्ये वेगळीच निघते.

---

सातपुडा_पायथा (चोपडा)

काका, 35 सेंटिमीटरचा हिशेब वाचून डोक्यात लख्ख झालं. काळा वॉश रद्द. धुळ्याच्या ताई, दिवे घालणारच, उद्या प्लास्टिकच्या तुकड्यावर काळ्या-पांढऱ्याची चाचणी घेतो. डेकल्सचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांचं, काय? जहाजाचा नंबर मोठ्या अक्षरांत सॉसरवर आहे, तेवढंच डेकल सगळ्यांच्या डोळ्यासमोर. आमच्याकडे बोअरचं पाणी.

---

लोको_पेंट_भुसावळ

बोअरचं पाणी वापरू नकोस. सुकल्यावर डेकलभोवती क्षारांची पांढरी कड राहते आणि करड्यावर ती लगेच दिसते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळतं.

क्रम सांभाळ. पॅनल झाले की ग्लॉस, त्यावर डेकल, मग मॅट, मग पेन्सिल, आणि सगळ्यात शेवटी तो पातळ मॅटचा हात. मॅटवर डेकल टाकलंस तर खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी चमक येते. या हवेत डेकल सरकवायला वेळ कमी मिळतो, म्हणून तो भाग आधी ओला करून ठेव, आणि नंबरचं डेकल एकसंध असेल तर अंकाअंकाने कापून घे. आधी टेपच्या बारीक पट्टीने बसायची रेघ आखून ठेव, सॉसरच्या कडेला समांतर. सुकू दे रात्रभर. मॅटचा स्प्रे कॅन घेणार असशील तर तो गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. 50 अंशांच्या वर नेऊ नका असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात बंद गाडी त्याच्या बरीच पुढे जाते.