शब्दचर्चा : ‘एक्सपोर्ट’ म्हणजे निर्यात की उतारा?

प्रश्न (रावेर तालुक्यातून)

गावच्या विकास सोसायटीसाठी सभासदांच्या नोंदींचं एक वेबपान करतेय. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस), साधंच काम. नाव, खाते क्रमांक, गट नंबर, पीक, कर्जाची बाकी हे रकाने तक्त्यात दिसतात, एका पानावर 25 नोंदी. वर एक बटण आहे, ते दाबलं की नोंदी एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलीत येतात. बटणावर मी ‘निर्यात करा’ लिहिलं होतं. सचिवभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, हे केळी बाहेर पाठवणाऱ्यांसाठी वेगळं केलंय का?" त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे निर्यात म्हटलं की खोक्यात भरलेल्या फण्या, कंटेनर आणि आखाती देश. दुसरा शब्द सुचवा. ‘एक्सपोर्ट’ नको वाटतं, कारण पान सभासदांनी स्वतः वापरावं अशी इच्छा आहे.

उत्तर (जळगावहून)

ताई, शब्द तुमच्या सोसायटीच्या कपाटातच आहे : उतारा.

‘निर्यात’ संस्कृत. निर् म्हणजे बाहेर, यात म्हणजे गेलेलं. माल बाहेर गेला की कोठारात तेवढा कमी होतो. डेटाबेसात तसं काही घडत नाही. तुमची पीएचपीची स्क्रिप्ट ‘सिलेक्ट’ या आज्ञेने डेटाबेसाकडे विचारणा करते, नोंदी वाचते, त्यांची प्रत तयार करते, मूळ नोंदी जागच्या हलत नाहीत. तलाठी कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. गाव नमुना 7 आणि 12 दप्तरात राहतात, आपल्या हातात पडतो तो उतारा. घरातून ‘उतारा लई ये’ (घेऊन ये) म्हणून कोणी पोराला पाठवलं, तर नोंदवही उचलून आणायची नाही हे त्याला सांगावं लागत नाही.

आणि उतारा सगळा नसतो. आपल्या खात्यापुरता, आपल्या गटापुरता असतो. तुम्ही विचारणेत ‘व्हेअर’ची अट लिहून फक्त केळी उत्पादक किंवा फक्त थकबाकीदार निवडता, ते हेच.

शब्दाला अर्थ पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तकातला गद्य उतारा आहे, विषावरचा उतारा आहे, दृष्ट लागली म्हणून ओवाळून टाकायचा उतारा आहे. जिनिंगवाले रुईचा उतारा म्हणतात, म्हणजे कापसातून रुई टक्क्यांत किती निघाली ते. साखर कारखान्यात उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा तसाच. पण ‘नोंदींचा उतारा’ म्हटल्यावर खानदेशात कोणाचा गोंधळ होईल असं मला वाटत नाही.

आता यातली गंमत बघा. पडद्यावरचा तक्ता आणि फाइल या दोन्हींमागे विचारणा तीच असू शकते. फरक पडतो तो सर्व्हर उत्तराच्या आधी जी ओळ पाठवतो तिने. ‘कंटेंट-डिस्पोझिशन : अटॅचमेंट’ असं आधी सांगितलं की ब्राउझर समजतो, हे दाखवायचं नाही, उतरवून घ्यायचंय. ‘डाउनलोड’ला आपल्याकडे उतरवून घेणं म्हणतातच. उतरणे, उतरवणे, उतारा ही एकाच घरातली माणसं आहेत, म्हणून हा शब्द इथे इतका चपखल बसतो. ही ओळ मात्र पानावर एकही अक्षर जाण्याआधी गेली पाहिजे. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ राहिली तरी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी तक्रार येऊ शकते.

प्रतिसाद (धुळ्याहून)

उतारा मान्य. एक भर घालतो. तहसीलीत ‘नक्कल’ हाही शब्द आहे आणि तो वेगळा. नक्कल म्हणजे कागद जसाच्या तसा. संपूर्ण डेटाबेसची राखीव प्रत काढता तिला नक्कल म्हणा आणि निवडक नोंदींच्या फाइलीला उतारा. दोन्हींसाठी ‘एक्सपोर्ट’ वापरला की कोणी राखीव प्रत समजून नुसती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडते ती) जपून ठेवतो आणि परत भरायच्या वेळी अडतो. तक्त्यांची रचना, त्यांचे आपसातले संबंध सीएसव्हीत येत नाहीत.

प्रतिसाद (चाळीसगावहून)

‘डिस्प्ले’साठी ‘प्रदर्शित करा’ ठेवलं असेल तर तेही काढा. प्रदर्शित चित्रपट होतो. ‘नोंदी दाखवा’, झालं.

पुन्हा जळगावहून

हो, ‘दाखवा’च. ‘रेकॉर्ड’ला ‘नोंद’, ‘कॉलम’ला ‘रकाना’ तुम्ही लिहिलंतच आहे. हे सोसायटीच्या खातेवहीतले शब्द आहेत, तेच पडद्यावर आले पाहिजेत. ‘डेटाबेस’ला ‘विदागार’ मी सुचवणार नाही. तो कोणाच्या तोंडी नाही.

पण ताई, बटणावर नुसतं ‘उतारा काढा’ लिहू नका. तक्ता एका वेळी 25 नोंदी दाखवतो, कारण विचारणेला ‘लिमिट’ लावलेली असते. तीच विचारणा तशीच फाइलीला दिली तर फाइलीतही 25च येतात. हे मी स्वतः भोगलंय. एका संस्थेला यादी करून दिली, तिथल्या माणसाने बटण दाबलं, यादी छापली आणि सभेत वाचायला घेतली. पहिल्या पानाच्या पुढची नावं त्यात नव्हतीच. लोक उठून विचारायला लागले. चूक माझी होती आणि ती शब्दातही होती : कशाचा उतारा, ते बटण सांगत नव्हतं.

प्रश्नकर्ती (रावेर तालुक्यातून)

काल तपासलं, माझ्याकडेही 25च येत होत्या! आता दोन बटणं केली : ‘या पानावरच्या नोंदींचा उतारा’ आणि ‘सर्व नोंदींचा उतारा’. सचिवभाऊंना काही समजावून सांगावं लागलं नाही.

एक अडचण मात्र राहिली. फाइल एक्सेलमध्ये उघडली की गट नंबर 12/1 च्या जागी ‘12-जाने’ येतं. 112/1 मात्र नीट राहतो.

उत्तर (जळगावहून)

112 तारीख नसते म्हणून तो वाचला. फाइलीत 12/1च आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघा. एक्सेल स्वतःच त्याची तारीख करतं. फाइलीवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून आत घ्या आणि गट नंबरच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ सांगा. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकांनाही तेच, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात.

नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर फाइलीच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-8ची तीन बाइटांची खूण लिहा : ईएफ, बीबी, बीएफ. आणि ‘मु. पो. सावदा, ता. रावेर’ अशा पत्त्यातला स्वल्पविराम रकाना तोडतो, म्हणून ओळी हाताने जोडू नका. पीएचपीतलं ‘एफपुटसीएसव्ही’ हे फंक्शन अशा मजकुराला अवतरणचिन्हं आपोआप घालतं.

प्रश्नकर्ती

गट नंबर सुधारले. सर्व नोंदींच्या उताऱ्यावर सचिवभाऊंच्या सांगण्यावरून तारीख आणि वेळही घातली, सातबाऱ्यावर असते तशी.