नोकरी सुटली आणि 'सिस्टर' ही हाक बंद झाली. आता मी कोण?

रिकामी_ओटी:
२२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. मणक्याची गादी सरकली, शस्त्रक्रिया झाली (टेबलावर पहिल्यांदाच आडवी पडले, वरचा दिवा खालून एवढा मोठा दिसतो हे मला माहीतच नव्हतं) आणि तासन्‌तास उभं राहणं कायमचं बंद झालं. आठ महिने घरी आहे. पैशांची ओढाताण नाही, तेव्हा तो सल्ला नको.

पोट शिवायच्या आधी गॉज, मॉप, सुया, अवजारं सगळं मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं, 'काउंट बरोबर'. ते ऐकल्याशिवाय सर्जन टाका घालत नसत. माझ्या दोन शब्दांसाठी सगळी खोली थांबायची. परवा रस्त्यात कुणीतरी 'सिस्टर' अशी हाक मारली आणि मी वळले. दुसऱ्याच कुणाला तरी मारली होती.

मी जन्मापासून ख्रिस्ती घरातली. रविवारची शाळा, दृढीकरण, सगळं रीतसर झालेलं. पाळकसाहेब भेटायला आले, प्रार्थना केली, म्हणाले, "तुमची खरी ओळख ख्रिस्तामध्ये आहे." मी आमेन म्हटलं. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता, घरात कुणी नसताना, त्या वाक्याचं करायचं काय? यिर्मया २९:११, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे बायबलमधलं वचन, आत्तापर्यंत सहा जणांनी पाठवलंय. कृपा करून सातवं नको.

मीठ_चिमूटभर:
सातवा मीच, पण उलट बाजूने येतो. ते वचन ज्या पत्रात आहे ते बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं, आणि आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितलीय. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच मरणार होते. मग तोवर त्यांनी करायचं काय? ५ ते ७ वाचा. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्या नगराने त्यांना पकडून आणलं, त्याच्याच! ११वं वचन कपाटावर चिकटवायला छान दिसतं, मला उपयोगी पडलं ते ७वं.

पहाटतारा:
ताई, तुम्ही देवाचं लेकरू आहात, योहान १:१२. रोज आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा. मला खूप फरक पडला.

रिकामी_ओटी:
मनापासून सांगताय ते कळतं. दोन आठवडे केलं. आरशात मला कमरेचा पट्टा दिसतो.

तंबूवाला:
मी पूर्वी पाळक होतो, आता नाही. कारणं लांबलचक आहेत, इथे नकोत. तेव्हा एक हाक माझीही गेलीय.

लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढा. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि वाणी येते की तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. संतुष्ट कशाबद्दल? लूकच्या सांगण्यात तोवर एकही रोगी बरा झालेला नाही, डोंगरावरचं प्रवचन नाही, शिष्य नाहीत. वय सुमारे तीस. मधल्या वर्षांतल्या सुतारकामाचा एक पाट, एक जू, कशाचीही नोंद नाही.

मग चौथ्या अध्यायात सैतान म्हणतो, तू देवाचा पुत्र असलास तर या धोंड्याला भाकर व्हायला सांग. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'परमप्रिय' हा शब्द त्याने गाळलाय. पुत्र आहेस ना, मग करून दाखव. मी १५ वर्षं व्यासपीठावरून लोकांना पहिलं वाक्य सांगत होतो आणि स्वतः दुसऱ्याला उत्तर देत होतो. दर रविवारी धोंड्याची भाकर.

थोमा_दुसरा:
बरोबर आहे, तरी पूर्ण पटत नाही. कामातून मिळालेली ओळख म्हणजे जणू मूर्तिपूजाच, असं आपल्याकडे फार बोललं जातं. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय: दुर्कस नावाची बाई मरते तेव्हा विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, काय दाखवतात? तिने शिवलेले कपडे. आणि पेत्र त्यांना 'कपड्यांचं काय घेऊन बसलात' असं म्हणत नाही. सिस्टर, २२ वर्षांचं काम हातातून गेलंय, त्यासाठी रडा की. 'ख्रिस्तात ओळख' हे वाक्य कुणाचं रडणं आवरायला वापरलं, की माझं डोकं फिरतं.

रिकामी_ओटी:
'सिस्टर' लिहिलंत. बरं वाटलं.
तंबूवाला, वाणी येशूला आली. मला नाही आली.

तंबूवाला:
मलाही नाही. बॉनहॉफर हा जर्मन पाळक हिटलरच्या कैदेत होता. १९४४च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात त्याने एक कविता लिहिली, 'मी कोण?' अशी. लोक त्याला सांगत की कोठडीतून तू वाड्यातून जमीनदार निघावा तसा निघतोस. आतून मात्र तो पिंजऱ्यातल्या आजारी पाखरासारखा होता. यातला खरा कोणता, याचा निकाल त्याने लावलाच नाही. मी जो कोणी असेन तो तुला ठाऊक आहे, देवा, मी तुझा आहे, इथे कविता थांबते. एप्रिल १९४५मध्ये त्याला फासावर दिलं. मला वाणीबिणी काही ऐकू येत नाही, पण 'तुला ठाऊक आहे' एवढं बहुतेक सकाळी म्हणता येतं. काही सकाळी तेही नाही.

रिकामी_ओटी:
आज मंगळवार, म्हणून कळवते. आठ वाजता पहिली केस लागते. त्या वेळेला खुर्चीत बसून, या घडीला टेबलावर जे कोणी आडवं असेल त्याच्यासाठी प्रार्थना केली. नाव माहीत नाही, ऑपरेशन माहीत नाही, पण त्याला दिवा केवढा दिसत असेल ते माहीत आहे. मग जी मोजत असेल तिच्यासाठीही केली. चारेक मिनिटं झाली असतील. अकरा वाजता घर होतं तसंच रिकामं होतं, खोटं कशाला सांगू. उद्याही आठला बसणार आहे. मीठ, तुमच्या सातव्या वचनाचा हा आमच्याकडचा अर्थ.

तंबूवाला, तुम्हाला आता लोक काय हाक मारतात?

तंबूवाला:
नावाने. वळून बघायची सवय लागायला दोन वर्षं गेली.